बावन्न, छप्पन्न, साठ

मेजरबाई माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत. आधी खांद्याकडे बघत, मग कोपराकडे, आणि सगळं जागेवर आहे अशी खात्री पटली की मग "जय भीम, काय म्हणता" वगैरे. मूळच्या लातूरकडच्या. सगळी नोकरी लष्कराच्या इस्पितळांत नर्स म्हणून, आणि निवृत्त झाल्या त्या मेजर होऊन. लग्न केलं नव्हतं. भाईंदर पूर्वेला, खारी गावाजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये एकट्या राहायच्या, माझ्या समोरच्याच दारात. त्यांच्याकडे छत्र्या ठेवायच्या डब्यात छत्री एकच होती. बाकी तीन गोल्फच्या काठ्या.

आता खारीत गोल्फ म्हटल्यावर कुणाला हसू येणार नाही? मलाही आलं होतं. त्या मात्र शांतपणे सांगायच्या, की उत्तरेत एका छावणीत असताना शिकले. "लांब मारायला सगळे कर्नल होतेच की! मी पाच फुटांची. म्हटलं, आपण जवळचं बघावं." निवृत्त होताना बाकीचा सगळा संच त्यांनी वाटून टाकला आणि या तीनच काठ्या ठेवल्या. ह्यांना वेज म्हणतात. चेंडू भोकाच्या जवळ आला की तो अलगद उचलून टाकायला वापरतात. पात्यावर आकडे कोरलेले होते, बावन्न, छप्पन्न, साठ. आकडा जितका मोठा, तितकं पातं मागे कललेलं आणि तितका चेंडू वर जाणार.

त्या वर्षी माझं ऑपरेशन झालं. उजव्या बाजूच्या स्तनाचा कॅन्सर, काखेतल्या गाठीही काढल्या. आजार आटोक्यात आहे म्हणाले डॉक्टर, पण हाताचा व्यायाम करा, नाहीतर खांदा आखडेल. व्यायाम म्हणजे भिंतीवर बोटांनी वर वर चढायचं. थोडे दिवस चढले आणि दिलं सोडून. ओढ बसायची, दुखायचं, आणि खरं सांगू? आत काहीतरी फाटेल अशी भीती वाटायची. हात कमरेच्या वर जाईना. कपडे वाळत घालायचे नवऱ्याने, वेणी घालायची नवऱ्याने, आणि काय ती वेणी, देवा रे! विमा कंपनीतली माझी नोकरी तशीच पडून होती. एका हाताने तिथे जाऊन काय करायचं, या विचाराने मी दिवसभर चिडचिड करत बसायचे.

एका सकाळी मेजरबाई दारात उभ्या. "सुनंदा, चप्पल घाल."

"कुठे?"

"मैदानावर. तुझ्या डॉक्टरांशी बोललेय मी."

"मेजरबाई, मला बरं नाहीये."

"म्हणून तर आले. बरी असतीस तर कशाला आले असते? चल."

आमच्या मागे तेव्हा एक मोकळा प्लॉट होता. पोरं क्रिकेट खेळायची. त्यांनी एका कडेला प्लास्टिकची बादली ठेवली, मला लांब उभं केलं आणि हातात बावन्न दिली. मी आपली वाकून, दात-ओठ खाऊन चेंडू उचलायला गेले. काठी जमिनीत रुतली आणि चेंडू जागेवर. पोरं ओरडली, "आंटी, हॉकी खेल रहे हो क्या?" मी रडकुंडीला आले.

"उचलू नकोस गं," मेजरबाई म्हणाल्या. "वर न्यायचं काम पात्याचं. तू फक्त हात जाऊ दे."

हे वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं की स्वयंपाक करतानाही कानात वाजायचं. पण खरंच, हात नुसता जाऊ दिला की चेंडू आपला आपण उठायचा. बादलीत मात्र जायचा नाही. बादली सोडून सगळीकडे जायचा.

माझा जीव साठवर. मेजरबाई साठने मारायच्या तेव्हा चेंडू सरळ वर चढायचा आणि बादलीत टप्‌ करून पडायचा. मला तीच हवी होती. "मिळेल," म्हणायच्या, "आधी बावन्न." मी रुसून बसले. मग माझ्या नवऱ्याला पुळका आला. त्याने वाढदिवसाला ऑनलाइन एक नवी कोरी चौसष्ट मागवली. मेजरबाईंनी ती उलटीपालटी करून बघितली. "हे उलथनं कशाला आणलं? अहो, पातं जास्त कललं की चेंडू वर जातो, पुढे जात नाही. तेवढ्याच अंतरावर टाकायचा तर हात मोठा फिरवावा लागतो. हिचा हात कमरेच्या वर येतोय आत्ता कुठे. परत करा." नवरा बिचारा मुकाट्याने परत पाठवायच्या मागे लागला. त्यांचं बोलणं मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझं सगळं लक्ष रुसण्यात होतं.

बावन्न जरा जमायला लागली की त्यांनी छप्पन्न हातात दिली. बादली तिथेच, मीही तिथेच. चेंडू आता अलीकडेच पडायला लागला. "हात पुरत नाहीये, जाऊ दे त्याला अजून," एवढंच त्या म्हणायच्या. छप्पन्नही जमली. तोवर प्लॉटला टॉवरवाल्यांचे पत्रे लागले, मग आम्ही रिक्षा करून चौक नावाच्या कोळ्यांच्या गावी समुद्रावर जायला लागलो. तिथे वाळूत एकदाची साठ मिळाली. माझं वाळू उडवणं बघून एक कोळीण थांबली. "काय हरवलंय गो बाई? सोन्याचं हाय काय?" मेजरबाई म्हणाल्या, "तसंच समज." त्याच दिवशी माझा चेंडू पहिल्यांदा बादलीत पडला. मी वाळूत नाचले! त्या बादलीकडे बघतही नव्हत्या. माझ्या खांद्याकडेच बघत होत्या.

घरी मात्र कपडे अजून नवराच वाळत घालायचा. दोरीखाली उभं राहिलं की माझा हात आपोआप मागे यायचा. काठी हातात असली की भीती आठवायची नाही, काठी ठेवली की परत यायची.

मग त्या लातूरला जायला निघाल्या. भाऊ गेल्यावर वहिनी एकट्या पडल्या होत्या. फ्लॅट विकला, सामान आधीच पाठवलं. निघायच्या सकाळी मी भरल्या डोळ्यांनी समोर गेले तर बाई काठ्या बांधत होत्या. साठ त्यांनी बाजूला काढून माझ्या हातात दिली.

"बाकीच्या दोन नेतेय. वहिनीचा खांदा आखडलाय. बावन्नपासून सुरू करावं लागेल."

मी विचारलं, "म्हणजे तुम्ही मला गोल्फ शिकवतच नव्हतात?"

"गोल्फ?" त्या हसल्या. "तुला गोल्फ कधी आला गं? बादलीत किती गेले सांग बरं."

मला इतका राग आला आणि इतकं रडू आलं, की आधी काय करावं कळेना. तेवढ्यात खालून टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. त्या खाली गेल्या, बसल्या, आणि गाडी गेटच्या बाहेर निघाली. मी धावत गॅलरीत आले.

"मेजरबाई!" मी ओरडले आणि हात केला. उजवा. डोक्याच्या वर, वाळत घातलेल्या कपड्यांच्याही वर. तो वर आहे हे मला कळलं तेव्हा तो वरच होता. दुखत नव्हता.

टॅक्सीच्या खिडकीतून पांढरं डोकं बाहेर आलं. डोळे पुसतील, काही गोड बोलतील, असं मला वाटलं. त्यांनी एकदा माझ्या खांद्याकडे बघितलं, मग आख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"कोपर सरळ!"

मी सरळ केलं.