सालीवरच्या तीन खुणा

"थांब, आधी त्यांना माझा वास ओळखू दे." मधमाश्यांजवळ जाताना बासिल्लाआत्या हे म्हणायचीच, पण शेजाऱ्याच्या घरात शिरतानाही उंबऱ्यावर उभी राहून हेच म्हणायची. माणसं हसायची. ती हसायची नाही.

अनास नदीच्या काठच्या आमच्या उतारावर माश्यांचं इतकं कळणारं माणूस पुन्हा झालं नाही. पण लागोपाठ दोन कोरड्या वर्षांत तिची सगळी मोहोळं मेली. एकच उरलं, तिच्या रानातल्या ओकाच्या ढोलीत. ते गेलं असतं तर म्हातारपणी दुसऱ्याच्या मेंढ्या राखणं नशिबी आलं असतं. म्हणून तिने रीतीप्रमाणे खोडावर तीन खुणा कोरल्या. ज्याच्या खुणा, त्याच्या माश्या.

चूक एवढीच, की खुणा सालीवर कोरल्या. आमच्याकडच्या ओकाची साल दोन बोटं जाड असते, ती सोलून माश्यांसाठी गोल पेट्या करतात. उन्हाळ्यात शेजारच्या उनिगिल्डने ती साल सोलली, तिची पेटी केली आणि ढोलीतल्या माश्या तिच्यात भरून घरी नेल्या.

"खुणा दाखव ना, बाई," तो म्हणाला. खोड तांबडंलाल, गुळगुळीत झालं होतं.

पूर्वी उनिगिल्डसारख्या, राज्यकर्त्या गॉथ जमातीच्या माणसाशी भांडायला आमची रोमन आत्या गेलीच नसती; दोघांचे कायदे वेगळे होते. पण त्याच वर्षी रेकेस्विंथ राजाने गॉथ आणि रोमन, दोघांना एकच कायदा लावला होता. तिने न्यायाधीशांना थेट उनिगिल्डच्या अंगणात आणलं.

तिथे सात पेट्या होत्या, सगळ्या शेणामातीने लिंपलेल्या. आत्याने एकेकीला कान लावला. चौथीपाशी थांबली आणि ओल्या फडक्याने लिंपण पुसू लागली.

"कानाने खुणा वाचते वाटतं," उनिगिल्ड म्हणाला.

"तुला डोळ्यांनी दिसल्या नाहीत ना, म्हणून."

माती उतरली. खाली तीन खुणा निघाल्या, पण उलट्या.

"उलट्या आहेत, महाराज. तिच्याच कशावरून?"

"पेटी तू उलटी उभी केलीस, बाबा," न्यायाधीश म्हणाले. "माश्या तिच्या."

उनिगिल्डची बायको तोंड वळवून हसली.

चरायला गेलेल्या माश्या परतेपर्यंत आत्या अंगणातच बसून राहिली. दिवस कलल्यावर तिने पेटीचं तोंड फडक्याने बांधलं आणि पेटी डोक्यावर घेतली.

"पुढच्या वेळी लाकडात कोर, म्हातारे," उनिगिल्ड म्हणाला.

"कोरते की. साल काढून तू जागा करूनच ठेवली आहेस."

ती उतारावरून सावकाश निघाली. उनिगिल्डची बायको कुंपणाला टेकून बघत राहिली, आणि पलीकडच्या बांधावरून मी.