ओव्हलवरचे पळनीअण्णा

सांगलीला गेलो की मित्र विचारतात, "चेन्नईत तुझं नेमकं काम काय?" ट्रक रेसिंग टीमचा इंजिनिअर, असं सांगितलं की आधी हसतात आणि मग खुर्च्या जवळ ओढतात. ट्रक आणि रेस एकत्र आले की किस्से आपोआप तयार होतात हो, आम्हाला वेगळं काही करावं लागत नाही. हाताला लागलेल्या ग्रीससारखं आहे ते, कितीही पुसा, थोडं उरतंच!

आमची कंपनी चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैची, ट्रकचे पार्ट्स बनवणारी. मॅनेजमेंटने जाहिरातीसाठी आधी एका सीझनपुरती टीम काढली. अट एकच: सीझनमध्ये एकदा तरी पहिल्या तिनांत या, नाहीतर टीम बंद. मॅनेजर पुण्याचे वैद्य सर. ड्रायव्हर पळनीअण्णा, अर्धं आयुष्य चेन्नई-कोलकाता लाईनवर काढलेले. त्यांची पोरगी चालायला लागली, तेसुद्धा त्यांना फोनवर कळलं होतं. या नोकरीत मात्र माणूस रोज संध्याकाळी घरी जाऊन बायकोच्या हातचं जेवत होता. टीम बंद झाली तर पुन्हा कोलकाता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

*

पहिल्या ट्रायलला अण्णा केबिनमध्ये चढले आणि लगेच उतरले.

"तंबी, मागे लोड कुठाय?" तंबी म्हणजे धाकटा भाऊ, अण्णा मला तसंच म्हणायचे.

"लोड नसतो अण्णा. रिकामाच पळवायचा."

"जायचं कुठे?"

मी हात फिरवून अख्खा ओव्हल ट्रॅक दाखवला. "असं गोल गोल जायचं आणि इथेच परत यायचं."

अण्णांनी बोटाने हवेत तसाच गोल काढून पाहिला. मग म्हणाले, "लोड नाही, डिलिव्हरी नाही, आणि तरी घाई आहे?"



*

पहिली रेस. अण्णा चक्क दुसरे! वैद्य सर ट्रॅकशेजारी, टीम थांबते त्या पिटमध्ये उड्या मारत होते. तेवढ्यात मागच्या ट्रकने हेडलाईट मारली. अण्णांनी शांतपणे बाजूला घेतलं आणि त्याला पुढे जाऊ दिलं. मग त्याच्या मागच्याने लाईट मारली. त्यालाही साईड! रेस संपेपर्यंत अण्णांनी सगळ्यांना साईड दिली आणि शेवटून पहिले आले.

वैद्य सरांचा आवाज बहुतेक शहराच्या दुसऱ्या टोकाला सिरुसेरीपर्यंत गेला असेल. "साईड का दिली?"

"सार, त्याने लाईट मारली. घाई असेल बिचाऱ्याला."

"अहो, रेसमध्ये सगळ्यांनाच घाई असते!"

"मग रस्ता एवढा अरुंद का केला?" अण्णांनी विचारलं.

*

लिंबांचा किस्सा तर कहर आहे. प्रत्येक चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडल्याशिवाय अण्णा ट्रक हलवत नसत. वैद्य सर सुरुवातीला चिडायचे. "हे रेसिंग आहे, सायन्स आहे!" मग एका रेसला आमचं टर्बो बसलं, पुढच्या रेसला क्लच गेला. त्याच्या पुढच्या रेसला वैद्य सर अण्णा नगरच्या आपल्या घरून स्वतः पिशवी घेऊन आले. आत लिंबं. शिवाय दृष्ट काढायला एक भला मोठा कोहळा, आत कुंकू भरलेला!

"साईज चालेल ना?" सरांनी हळूच विचारलं.

अण्णांनी मान डोलावली. सरांनी कोहळा ट्रकभोवती ओवाळला आणि पिटच्या तोंडाशीच आपटला. लाल पाणी उतारावरून वाहत थेट ट्रॅकवर गेलं. झालं! मार्शल लोक धावले. कुणाच्या तरी ट्रकमधून इंजिन थंड ठेवणारं कूलंट गळतंय, असं समजून त्यांनी त्यावर वाळू टाकली, रेस सुरू होण्याआधीच थांबवली, आणि एकेका ट्रकखाली झोपून लीक शोधू लागले.

वैद्य सर आमच्या ट्रकखाली टॉर्च धरून बसले होते. "आमचं कूलंट नाही हं," ते मार्शलला गंभीरपणे सांगत होते, "आमचं हिरवं आहे."

*

एकदा सरांनी सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. टीमची व्हॅन अण्णा चालवत होते. अण्णा नगरच्या एका मोठ्या सर्कलला आम्ही पोचलो आणि गोल फिरलो. पुन्हा फिरलो. सरांची गल्ली डोळ्यांसमोरून गेली, परत आली, परत गेली.

"अण्णा, झोपलात काय? बाहेर काढा की!" मी ओरडलो.

अण्णा दचकले. "कुणी शेवटचा फ्लॅगच नाही दाखवला, तंबी."

*

आता शेवटची रेस. ही हरलो तर टीम संपली. तोवर आम्ही एकदाही पहिल्या तिनांत आलो नव्हतो. अण्णांची बायको सेल्वी अक्का पहिल्यांदाच रेस बघायला आलेली, हातात डबा घेऊन.

शेवटचे दोन लॅप उरले, अण्णा चौथे. पुढचा ट्रक अगदी नाकासमोर, पण अण्णा काही त्याला ओलांडेनात. वैद्य सर रेडिओवर ओरडून ओरडून घसा बसवून मोकळे झाले होते. त्यांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी हेडसेट काढला आणि सेल्वी अक्कांच्या डोक्यावर चढवला.

"अक्का, तुम्ही सांगा! तुमचं ऐकतील!"

अक्कांनी माईक दोन्ही हातांनी धरला. आणि त्या बाईने, नवरा लाईनवर असताना दर फोनला जे सांगायची, तेच सांगितलं.

"मेदुवा वांग." म्हणजे सावकाश या.

सर मटकन टायरवर बसले. रेडिओवर खरखर झाली, आणि मग अण्णांचा आवाज आला.

"नाही. आज लवकर येतो."

पुढच्या वळणावर अण्णांनी ट्रक असा आत घातला की माझे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा आम्ही तिसरे होतो, आणि फ्लॅग पडला तेव्हाही तिसरेच!

मेकॅनिक नाचत होते, वैद्य सर रडत होते, मीही रडत होतो. अण्णा ट्रॉफी घेऊन आले. सेल्वी अक्का डबा घेऊन तिथेच उभ्या होत्या, चेहरा लालबुंद.

"मी सावकाश म्हटलं होतं ना?"

अण्णांनी मान खाली घातली.

"पुढच्या रेसला, सेल्वी."