कसुंगूजवळ मी नाकारलेला कोंबडा

फुकट काम करणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो. पगार नाही म्हणजे दुसरं काहीतरी मिळत असणार, आणि ते सांगण्यासारखं नसणार. त्यामुळे माझी नात सई आफ्रिकेत, मलावी नावाच्या देशात, एका खेड्यात शेळ्या वाटायला गेली तेव्हा आमच्या कॅनडातल्या, सरे गावच्या घरात सगळे तिचं कौतुक करत होते आणि मी एकटी तिचे फोटो मोठे करून बघत होते. फोटोत शेळ्या होत्या, सई होती, आणि दर फोटोच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात एकच माणूस होता.

"हा कोण गं?" मी व्हिडिओ कॉलवर विचारलं.

"तो? इनोसंट. कलीग आहे, आजी."

मला इतकं इंग्रजी येतं. मी निष्पाप आहे असं ज्याला नावातच सांगावं लागतं, त्याच्यावर नजर ठेवलेली बरी.

सईचं एक वर्ष संपत आलं होतं. आमच्या जवळच्याच बर्नाबी शहरात तिची नोकरी सप्टेंबरपर्यंत राखून ठेवलेली होती. बाप विचारायचा, कधी येतेस, तर ही "बघते" म्हणायची. शेवटी सुनील, म्हणजे माझा मुलगा, एक दिवस माझ्यासमोर येऊन बसला. "आई, तूच जा. माझ्याशी खोटं बोलते, तुझ्याशी नाही बोलता येणार तिला. घेऊनच ये." माझी शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण पासपोर्ट आहे आणि गुडघे अजून चालतात. मी म्हटलं, काढ तिकीट.

तुम्ही जाणार असाल तर आधीच सांगते, अंतर कुणी बोलतं त्यापेक्षा जास्त आहे. व्हॅंकुव्हर, मग टोरांटो, मग आदिस अबाबा, मग मलावीची राजधानी लिलाँग्वे. ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये दंडावर सुया टोचतात आणि मलेरियाच्या गोळ्या देतात, त्या रोज घ्यायच्या, पोट कुरकुरलं तरी घ्यायच्या. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते निघायच्या आधी बघा. आणि जून-जुलैत गेलात तर स्वेटर न्या. आफ्रिका म्हणजे ऊन, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. सकाळी दात वाजायचे माझे. सांगणाऱ्यांपैकी कुणीही तिथं गेलेलं नव्हतं.

सई लिलाँग्वेला न्यायला आली होती. काळी पडली होती, वाळली होती, आणि फार आनंदात दिसत होती. ते मला आवडलं नाही.

पुढचा प्रवास मिनीबसनं. मिनीबस वेळेवर सुटत नसते, भरली की सुटते. भरली म्हणजे आपल्याला वाटतं तेवढी नाही, त्यानंतरही चार माणसं आणि मक्याचं एक पोतं बसतं. भाडं इतकं कमी की सरेत तेवढ्यात एक कॉफी येणार नाही, पण सुट्या नोटा जवळ ठेवा. खिडकीतून उकडलेली कणसं आणि केळी मिळतात. कणसं खुशाल घ्या. कसुंगू नावाच्या शहरापर्यंत डांबरी रस्ता आहे, मधे खड्डे आहेत, आणि खड्डा चुकवायला ड्रायव्हर समोरच्या गाडीवर जातो.

वाटेत सई मला रमवायला तिथल्या गमती सांगत होती. "आजी, इथली एंगेजमेंट किती क्यूट असते माहितीये? मुलाकडचे कोंबडा आणतात, मुलीकडचे कोंबडी. मोठी माणसं ते एकमेकांना देतात. घेतलं की झालं, फायनल."

मी नुसतं "हं" म्हटलं. पण ते लक्षात ठेवलं. विनाकारण कुणी असल्या गोष्टी सांगत नाही.

कसुंगूपासून गावापर्यंत लाल मातीचा रस्ता आणि सायकलवाले. त्यांना कबाझा म्हणतात. मागच्या कॅरिअरला गादी बांधलेली असते, तिच्यावर बसायचं आणि पुढच्याचा शर्ट धरायचा. मी दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसले. चढ आला की तो म्हणायचा उतरा, उतार आला की म्हणायचा बसा, आणि पैसे मात्र सगळ्या वाटेचे. माझा भरोसा नव्हता, पण पाडलं नाही त्यानं.

सई राहते ते घर नाबांदा नावाच्या म्हातारीच्या अंगणात आहे. नाबांदा माझ्याच वयाची असेल. उंच, दातांत फट, डोक्याला फडकं. ती गावातल्या बायकांच्या गटाची प्रमुख. आणि इनोसंट कोण? तिचा नातू! म्हणजे एकाच अंगणात. हे फोनवर कधी सांगितलं होतं का? नव्हतं.

तिथं आजीला अगोगो म्हणतात. सगळे मला अगोगो म्हणायला लागले आणि भेटायला येणारी बाई गुडघे टेकून नमस्कार करायची. ते ठीक होतं. पण जेवणाच्या वेळी सईनं तांब्या-वाटीसारखं भांडं घेतलं, आधी नाबांदासमोर, मग इनोसंटसमोर गुडघे टेकले आणि त्याच्या हातांवर पाणी घातलं. आमच्या घरी हीच सई स्वतःचा कप डिशवॉशरपर्यंत नेत नाही.

"काय चाललंय हे?" मी मराठीत विचारलं.

"इथं बायका असंच करतात, आजी. रिस्पेक्ट असतो. डोन्ट मेक अ सीन."

"मी कुठं काय केलंय अजून?"

जेवण चांगलं होतं, ते नाकारत नाही. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, न्सिमा म्हणतात, आणि भोपळ्याच्या पानांची भाजी, तिच्यात शेंगदाण्याचं कूट. कूट! मी इतक्या लांब आले आणि भाजीत कूट. मी सरेहून नेलेली शेंगदाण्याची चटणी नाबांदाला दिली. तिनं बाटली उघडून वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि चटणीचं पहिलं बोट इनोसंटच्या तोंडात घातलं. तो मेला नाही म्हटल्यावर मग तिनं खाल्ली. या एका गोष्टीवरून मला ती बाई पटली.

आता शेळ्यांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सईची संस्था एका बाईला एक शेळी देते. शेळी व्याली की पहिली पाट, म्हणजे मादी पिल्लू, त्या बाईनं सगळ्या गावासमोर दुसऱ्या बाईला द्यायची. माझं लहानपण माणदेशात शेळ्यांमागं गेलंय. पहिली पाट कुणी देतं होय? ती आजारी पडते, कोल्हा नेतो, पाहुण्यांच्या गावाला जाते, पण शेजारणीकडे जात नाही. मी तसं सईला म्हटलं.

"म्हणूनच तर वर्ष लागलं, आजी. शनिवारी पहिल्यांदा देणार आहेत. नाबांदा सगळ्यांच्या आधी देणार. तिनं दिली की बाकीच्या देतील."

"आणि नाही दिली तर?"

"तर मी इथं वर्षभर काहीच केलं नाही."

शुक्रवारी दुपारी मी अंगणात शेंगा फोडत बसले होते. नाबांदा आली. ठेवणीतलं फडकं गुंडाळलेलं, मागं इनोसंट, धुतलेल्या शर्टात, हसत. नाबांदाच्या काखेत कोंबडा. तांबडा, तुरा डावीकडे झुकलेला, चांगला भरलेला. तिनं माझ्यासमोर गुडघे टेकले, काहीतरी लांबलचक बोलली आणि कोंबडा दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला.

मी घरातलं मोठं माणूस. मुलाकडचे कोंबडा आणतात. घेतलं की झालं.

मी दोन्ही हात पाठीमागं नेले आणि मोठ्यानं म्हणाले, "नाही! आमची मुलगी द्यायची नाही!"

मराठी कुणाला कळली नाही, पण हात कळले. नाबांदाचा चेहरा पडला. ती उठली, गुडघे झटकले आणि कोंबडा घेऊन निघून गेली. इनोसंटचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं होतं. सई धावत आली.

"ओ माय गॉड, आजी! व्हॉट डिड यू डू?"

"तिनं सोयरिकीचा कोंबडा आणला होता."

"पाहुण्यांना देतात तो! घरात पाहुणं मोठं माणूस आलं की जिवंत कोंबडा देतात! नाही म्हणणं म्हणजे... यू कान्ट से नो. कुणीच नाही म्हणत नाही!"

मग ती रडली. मी शेंगा फोडत राहिले. दुसरं काय करणार होते?

शनिवारी सकाळी झाडाखाली बायका जमल्या. शेळ्या आल्या, पाटी आल्या, गळ्यात दोऱ्या. नाबांदा आली नाही. तिच्याकडून निरोप आला, पाट आजारी आहे. बाकीच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या आणि आपापल्या दोऱ्या आखडून धरायला लागल्या. ते बघणं मला ओळखीचं आहे. अजून थोडा वेळ गेला असता तर सगळ्याच पाटी आजारी पडल्या असत्या.

मी सईला म्हटलं, चल, मी जाते तिच्याकडे. तर म्हणे तसं जाता येत नाही. तिथली पद्धत अशी की चूक करणाऱ्यानं स्वतः बोलायचं नाही. मधला माणूस न्यायचा, त्यानं बोलायचं, आपण चटईवर गप्प बसायचं.

"मग मधला कोण?"

सईनं बोट दाखवलं. इनोसंट.

तर अशी मी त्याच्या मागोमाग गेले, ज्याच्यावर नजर ठेवायला जगाच्या या टोकाला आले होते. चटईवर बसले. गप्प बसणं मला जड जातं, तरी बसले. तो आजीशी हळू आवाजात बोलत होता. सई माझ्या कानात सांगत होती.

नाबांदानं एकच विचारलं. "माझा कोंबडा आजारी वाटला का तिला?"

इनोसंटनं सईकडून कळलेलं खरं काय ते सांगितलं. म्हणजे मी काय समजले होते ते.

नाबांदानं माझ्याकडे बघितलं, इनोसंटकडे बघितलं, सईकडे बघितलं. आणि मग ती इतकी हसली की तिला घराचा खांब धरावा लागला. हसत हसतच काहीतरी बोलली. सई लाल झाली.

"काय म्हणाली?"

"काही नाही."

"सई."

"म्हणाली, हिला? हिला अजून डोक्यावर पाणी आणता येत नाही, मका कांडता येत नाही. आम्ही कशाला कोंबडा घालवू हिच्यासाठी?"

आता मात्र माझं डोकं फिरलं. मधला माणूस गेला उडत. "सांग तिला! आमची मुलगी डिग्रीवाली आहे! गाडी चालवते, बर्फात सुद्धा चालवते! तिला बर्नाबीत नोकरी आहे! माणदेशाचं रक्त आहे, कांडायला चार दिवसांत शिकेल!"

सईनं सांगितलं. नाबांदानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चार दिवसांत नाही. पण अजून एक वर्ष ठेवलीस तर मी शिकवते."

यावर इनोसंट आणि सई दोघांनीही एकदम खाली बघितलं. मी इतकी वर्षं माणसं बघत आलेय ती उगाच नाही.

"काय गं?"

"आजी... मी अजून एका वर्षाला हो म्हणून बसलेय. मागच्या महिन्यातच. बाबांना माहीत नाही."

म्हणजे लपवलं होतं. माझा संशय खरा होता, फक्त माणूस चुकला होता. किंवा तोही चुकला नसेल, ते पुढं सांगते.

नाबांदा आत गेली, तोच कोंबडा घेऊन आली आणि पुन्हा माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. मी दोन्ही हात पुढं केले. झिकोमो म्हणाले, म्हणजे धन्यवाद. ती उठली, पाटीची दोरी घेतली, झाडाखाली गेली आणि सगळ्यांसमोर शेजारणीच्या हातात देऊन टाकली. पाट अजिबात आजारी नव्हती. मग दुसरीनं दिली, तिसरीनं दिली. एकीनं द्यायच्या आधी पाटीचे कान, दात, पाय सगळं पुन्हा तपासलं, जशी काही परत मागणारच आहे. पण दिली.

फोनची रेंज गावाबाहेरच्या टेकाडावर येते. मी सईला म्हटलं, मी तुझ्या बापाला काहीही सांगणार नाही, तू सांग, आत्ता, माझ्यासमोर. तिनं फोन लावला. सुनीलचा आवाज मला चार हातांवरून ऐकू येत होता. नोकरीचं बोलला, वयाचं बोलला, सईच्या आईची तब्येत काढली. सई "बाबा, लिसन, बाबा, लिसन" एवढंच म्हणत होती. शेवटी मी फोन घेतला.

"आई, तू तिला आणायला गेली होतीस ना?"

"गेले होते."

"मग?"

"बर्नाबीच्या लोकांना कळवून टाक की ती येत नाही. तिचं काम अर्धं झालंय. मी डोळ्यांनी बघितलं."

"आणि तो फोटोतला मुलगा?"

"त्याच्याबद्दल मला अजून काही कळलेलं नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं.

कोंबडा विमानात नेता येत नाही, म्हणून मी तो सईकडे ठेवला. तिला बजावलं, कापायचा नाही, विकायचा नाही, दर आठवड्याला फोटो पाठवायचा.

सरेला परत आले तेव्हा आमच्या रस्त्यावर सगळ्यांच्या ड्राइव्हवेत गाड्या होत्या आणि माणूस एक नाही. सुनील आठवडाभर माझ्याशी तुटक बोलला. मी बरोबर केलं की नाही, मला माहीत नाही. नोकरी गेली ती गेलीच. पण त्या बायका दोऱ्या आखडून धरत होत्या आणि मग सोडल्या, ते काही खोटं नव्हतं, आणि खोटं मला लगेच कळतं.

फोटो नेमानं येतात. तुरा डावीकडे आहे का, ते मी दर वेळी तपासते. आहे. मागच्या रविवारच्या फोटोत मात्र कोंबड्याशेजारी एक पांढरी कोंबडी आहे. खाली सईनं लिहिलंय, एकटा पडतो म्हणून कंपनीला आणली.

कोंबडा त्यांच्याकडून आलेला. कोंबडी आमच्याकडून.

मी फोटो मोठा केला. कडेला धुतलेल्या शर्टाची एक बाही दिसते. सईला विचारलंय, ही कोंबडी तू कुणाच्या हातात दिलीस आधी? तिनं मेसेज वाचलाय. उत्तर आलेलं नाही.