अक्काच्या सुट्टीतून मी पळून आले

वर्षापूर्वी, डिसेंबरात मी एका मरणाऱ्या बाईशी खोटं बोलून पळून आले.

ती माझी नणंद. अक्का.

आज तिला जाऊन वर्ष झालं. मी पळून आले हे घरात कुणालाच माहीत नाही. माझ्या नवऱ्यालाही, महेशलाही नाही. आता तो वाचेल. वाचू दे.

अक्का महेशची मोठी बहीण. लग्न केलं नाही. अक्कलकोटला घराच्या पुढच्या खोलीत तिचं पिको-फॉलचं दुकान. वर्षभर मान मोडून मशीनवर.

मी शिकवते त्या शाळेला ख्रिसमसची सुट्टी लागली की ती शटर ओढायची. त्यावर खडूने लिहायची, 'दुकान आठ दिवस बंद. साड्या मागू नये.'

मग सोलापूरला मला फोन. "यष्टी पकड की गं. किती वाट बघायची?"

चौदा वर्षं हे चाललं. महेश रविवारी येऊन जेवून जायचा. बाकी दिवस आम्हा दोघींचे.

मी लायब्ररीतून पिशवीभर पुस्तकं न्यायचे. तिला फक्त खुनाची लागायची, आणि शेवटचं पान आधी वाचायची.

"असं काय करतेस अक्का?"

"खून कुणी केला ते कळलं की डोकं शांत. मग निवांत वाचता येतं की."

दुपारी अंगणात निखाऱ्यांच्या आरावर हुरडा. कणीस तळहातावर चोळायची, फुंकर मारायची आणि पहिली मूठ मला.

"तिन्नु." म्हणजे खा. तिचं निम्मं बोलणं कन्नड.

गरम हिरवे दाणे, शेंगाचटणी, गूळ. वर गवती चहा, मोठ्या स्टीलच्या पेल्यात, आलं इतकं की नाकातून पाणी यायचं.

संध्याकाळी जुने कन्नड पिक्चर. मला ओ की ठो कळायचं नाही. ती भाषांतर करायची आणि मध्येच स्वतःचं घालायची. "आता ती म्हणती, मी विष पिणार. पीत न्हाय बघ. लई नाटकी हाय."

माझे आईवडील लवकर गेले. माहेर म्हणून जे काही होतं ते हे आठ दिवस.

मग एका पावसाळ्यात तिचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून तिने दोन महिने काढले. निदान झालं तेव्हा घशाचा कॅन्सर फार पुढे गेला होता.

डिसेंबर उजाडेपर्यंत गळ्याला श्वासासाठी भोक, नाकात नळी. बोलणं गेलं. तोंडाने पाण्याचा घोटसुद्धा बंद.

तरी सुट्टीच्या आदल्या दिवशी मेसेज आला. 'हुरडा सांगून ठेवलाय. ये.'

गेले. अक्का निम्मी उरली होती. मांडीवर शाळेची पाटी. शेजारच्या शोभाताई तिचं सगळं करत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी शोभाताईंनी हुरडा भाजून ताट माझ्यापुढे ठेवलं.

अक्काने पाटीवर लिहिलं, 'खा. मी बघते.'

"मला भूक नाही गं."

तिने पाटी परत माझ्या तोंडासमोर धरली.

मी खायला लागले. ती टक लावून बघत होती. मी दाणे चावले की तिचाही जबडा हलायचा.

'कसा हाय?'

तिला वाईट वाटू नये म्हणून म्हटलं, "एवढा खास नाही. जून झालाय."

तिने पाटी पुसली. परत लिहिलं, 'खोटं बोलू नको. नीट सांग.'

मग सांगितलं. गोड आहे, अक्का. कोवळा आहे. दाताखाली दूध सुटतंय. थोडा धुराचा वास लागलाय.

तिने डोळे मिटले. तोंडातून लाळ गळायला लागली, हनुवटीवरून गाऊनवर. तिला ती गिळता येत नव्हती. शोभाताईंनी पुसली.

डोळे न उघडता तिने हाताने खूण केली. आणखी सांग.

मी उठले, मोरीत गेले आणि ओकले.

सकाळी बॅग भरली. "अक्का, शाळेत ट्रेनिंग लागलंय अचानक. जावं लागेल."

कसलंही ट्रेनिंग नव्हतं. सुट्टीचे सहा दिवस शिल्लक होते.

तिने लिहिलं, 'सुट्टीत पण? लई छळतात गं तुमाला.'

घरी महेशला सांगितलं, "अक्कानेच पाठवलं. तिला आराम पाहिजे." त्याचा विश्वास बसला. मग मी पांघरूण घेऊन पडून राहिले. दिवसदिवस रील्स बघितल्या.

चौथ्या दिवशी तिचा मेसेज. 'बोलता येत न्हाय म्हणून पिक्चरमधलं सगळं बोलणं तुझ्यासाठी मराठीत वहीत लिहून ठेवलंय. ट्रेनिंग झालं का? कधी येतीस?'

मी उत्तर दिलं, 'अजून दोन दिवस.'

दोन दिवस झाले. मी गेले नाही. मग शाळा सुरू झाली.

जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात ती सकाळी गेली. महेश नेमका तिथे पोचला होता. मी सहावीच्या वर्गावर होते, फोन सायलेंटवर.

दहाव्या दिवशी शोभाताईंनी वही दिली. पूर्ण भरलेली. कंसात तिच्या कोपरखळ्या. शेवटची पानं वाचता येत नाहीत इतका हात कापलाय.

"तुमी येणार म्हणून रोज लिहायच्या," त्या म्हणाल्या.

मी वही पिशवीत घातली.

या खेपेची ख्रिसमसची सुट्टी लागली त्या सकाळी मी आवरलं आणि शाळेत गेले.

गेटवरचे वॉचमनमामा चक्रावले. "बाई, आजपासून सुट्टी हाय की. हितं कुटं आलात?"

"ट्रेनिंग आहे, मामा."

त्यांनी स्टाफरूम उघडून दिली. ट्रेनिंग याही वेळी नव्हतं. संध्याकाळपर्यंत रिकाम्या टेबलापाशी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आठही दिवस गेले.

अक्का, माफी मागायला तोंड नाही.

नमस्कार तेवढा घे.