डब्यातला हत्ती

आधी खालाचं नाव घ्यायला हवं, पण ती म्हणते नाव लिहू नको, नुसतं खाला लिही. तर खाला, म्हणजे मावशी. आमच्या शेजारी राहते, साड्यांना फॉल-पिको करते, वय साठीच्या पुढे. देऊळगाव राजा या गावात मला माणसांत आणलं ते तिनं.

मी समुद्राकाठची. आठवीत शाळा सुटली. लग्नानंतर नवऱ्याला इकडे सोलर पंप बसवायचं काम मिळालं. तो सकाळी गावोगाव निघून जायचा आणि मी दाराला आतून कडी लावून बसायची. दूधवाल्याशी बोलायलाही भीती. माझी बोली ऐकून लोक हसतील, पुन्हा विचारतील, मग मी काय सांगू? महिनाभरानं खालानं खिडकीतून हाक मारली, "काऊन वं, कोंडून घेतलं का तुले कोनी? ये इकडं, बुद्धिबळं येते का?"

येत नव्हती. दुपारी ओट्यावर बसून तिनं शिकवली, पण तिच्या पद्धतीची. देऊळघाटला तिच्या माहेरी सगळी भावंडं तशीच खेळायची. मारलेलं मोहरं मारणाऱ्याचं व्हायचं. आपली पाळी आली की चाल करायच्या ऐवजी ते रिकाम्या घरात ठेवायचं, आणि तिथून ते आपल्या बाजूनं लढतं. रंग तोच राहतो म्हणून त्याच्या गळ्यात केसांचं बारीक रबर घालायचं. रबर दिसलं की समजायचं, यानं बाजू बदलली.

मी रोज हरायची. कारण एकच, मारलेली मोहरी मी पटावर ठेवायचीच नाही. वेळेला असू देत म्हणून ओढणीत जपायची. खाला मात देऊन माझी ओढणी झटकायची. "बघ, उंट, घोडा, चार प्यादे! एवढी फौज मांडीवर अन् राजा मेला. कोनासाठी ठेवून राह्यली होती वं?"

ओटा घरमालकांचा. ते निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना सर म्हणतात. वरच्या खोलीत मुलांना बुद्धिबळ शिकवतात, घड्याळ लावून, चाली वहीत लिहून. क्लास सुटला की मुलं आमच्या पटाभोवती उभी राहायची, आणि थोड्याच दिवसांत खेळायलाही लागली. मग व्हायचं तेच झालं. शाळेच्या स्पर्धेत सरांच्या सगळ्यात हुशार मुलीनं मारून बाजूला ठेवलेला घोडा उचलला आणि सरळ पटावर ठेवला. केसातलं रबर काढून त्याच्या गळ्यात घालायलाही ती विसरली नाही. पंच आधी हसले आणि मग त्यांनी तिला बाद केलं.

संध्याकाळी सर खाली आले. "हा पट उद्यापासून इथं दिसायला नको. मेलेलं मोहरं डब्यात जातं. नियम म्हणजे नियम. आठवी नापास माणसांनी बुद्धिबळ बदलायचं काम नाही."

खालानं ऐकून घेतलं. भाडेकरू आम्ही होतो, ती नव्हती. आमची खोली जाऊ नये म्हणूनच तिनं ऐकून घेतलं.  पण दिवसातला हा एकच तास होता ज्यात माझ्या छातीत धडधडायचं नाही. तो गेला की पुन्हा कडी.

"नापास नाही सर," मी म्हटलं. "सोडली. पास होत होते." आणि न थांबता पुढचं बोलून गेले. "एक डाव आमच्या नियमानं खेळा. मी हरले तर पट उचलीन."

मुलांसमोर त्यांना नाही म्हणता येईना. ते बसले. माझं एकेक मोहरं मारून डब्यात टाकत गेले आणि दर वेळी झाकण लावत गेले. मी त्यांचा वजीर मारला, त्यांनी लगेच माझा मारून डब्यात टाकला आणि म्हणाले, "झालं, आता पट मोकळा."

मोकळा कसला? त्यांचा वजीर माझ्या ओढणीत होता. मी त्याला रबर घातलं आणि त्यांच्या राजाच्या रांगेत ठेवला. शह. राजाला हलायला जागा नव्हती. मुलं वाकून बघू लागली. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांचा हात हळूच डब्याकडे गेला. झाकण उघडलं. माझाच हत्ती काढला, त्याला रबर घातलं आणि राजा अन् वजीर यांच्या मधे ठेवला.

राजा वाचला. पुढं मी गडबडले आणि त्याच हत्तीनं सरांनी मला मात दिली.

हरले. पण उठले नाही. "सर, मेलेलं मोहरं डब्यात जातं ना? मग हा हत्ती बाहेर कसा आला?"

"मंग काय करतो!" शुद्ध बोलणारे सर एकदम गावाकडचं बोलले. "राजा मरून राह्यला होता ना!"

"हाव सर," खाला म्हणाली, "आमी बी तेच करतो."

मुलं खिदळली. सरांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, जमला नाही.

"हरले ते खरं," मी म्हटलं. "पण पट उचलणार नाही. उचलायचा तर तुम्ही उचला."

त्यांनी पटाकडे पाहिलं, मग त्या बाद झालेल्या मुलीकडे. "स्पर्धेच्या आठवड्यात हे चालणार नाही," एवढंच बोलून ते वर गेले. पट तिथंच राहिला. अजून आहे.

ते गेल्यावर खालानं माझी ओढणी झटकली. दोन घोडे पडले. "दोन घोडे असून मेली! सरानं नाही, तुह्या भेवानंच मारलं तुले."

आता मी बँकेत एकटी जाते. बस स्टँडवर गाडी विचारते, कोणी हसलं तर पुन्हा मोठ्यानं विचारते. खालाला मात्र आजवर एकदाही हरवलेलं नाही. ती म्हणते, बरोबरीचं कोणी भेटत नाही म्हणून खेळाची मजा गेली. एकदा दया येऊन ती मला जिंकू द्यायला लागली, तर मी डाव विस्कटून टाकला. तसलं जिंकणं मला नको. खाला, तुम्ही माझ्यासाठी केलंत त्याची परतफेड मी करीन. एक दिवस तुम्हाला समोर बसवून, ओढणी रिकामी ठेवून, खरंखुरं हरवीन.