पणजीची ओळ

अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत राहायला आलो तेव्हा पहिल्याच हळदीकुंकवाला तिथल्या मराठी मंडळाच्या एका काकूंनी माझी चौकशी केली. आधी आडनाव. ते गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. मग गाव. मग, "गावात घर नेमकं कुठे हो तुमचं?" मी म्हटलं, "आम्ही नागपुरातच वाढलो." काकूंनी मनातल्या मनात हिशेब जुळवला, "म्हणजे आपल्यातलेच की!" म्हणाल्या अन् माझी ओटी भरली. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते. पुढे तीन वर्षं मी त्यांच्याकडे नैवेद्याच्या पुरणपोळ्या लाटत होते.

दोन हजार सहाच्या डिसेंबरात माझ्या दहा वर्षांच्या लेकीला शाळेतून प्रोजेक्ट मिळालं: अमेरिकेत गुलामी आली कशी? लायब्ररीची पुस्तकं उघडून ती किचनमध्ये बसायची अन् मला सांगत राहायची. व्हर्जिनियात सुरुवातीला करारावर आणलेले गरीब गोरे अन् आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं तंबाखूच्या एकाच शेतात राबायची. एकत्र पळूनही जायची. हळूहळू कायदे झाले. काळा म्हणजे जन्मभर गुलाम. अन् आई जी असेल तेच तिचं मूल. काळे अन् गरीब गोरे मिळून बंड करून उठले तेव्हा तर मालकांची तंतरलीच, त्यांनी कायदे आणखी आवळले. गरीब गोरा गरीबच राहिला, फक्त त्याच्या पायाखाली एक माणूस दिला.

"हू मेक्स अप अ रूल लाइक दॅट, आई?"

माझी तव्यावरची पोळी करपली. तिला मी तेव्हा पहिल्यांदा माझ्या आजीबद्दल सांगितलं, गावच्या विहिरीपासून लांब उभी राहून कोणीतरी घागर भरून देईल म्हणून वाट बघणारी. आम्हाला बाजारात कोणी विकलं नाही, ते दुःख वेगळं अन् फार मोठं. पण जन्मावरून माणूस बांधायची युक्ती मात्र माझ्या चांगल्याच ओळखीची होती.

मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात मुलं शाळेत शिकलेलं काहीतरी मराठीत सांगणार होती. तालीम काकूंच्या बेसमेंटमध्ये. लेक तोडक्यामोडक्या मराठीत छान बोलली अन् शेवटी तिने स्वतःहून एक ओळ जोडली, "माझ्या पणजीला पण विहिरीवर पाणी घेऊ देत नव्हते, कारण तिची आई ज्या जातीची, तीच तिची जात."

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर.

"गोड बोलली हो," काकू म्हणाल्या. "फक्त ते शेवटचं गाळू या. मुलांच्या तोंडी जात कशाला? इथे अमेरिकेत कोण विचारतं?"

"तुम्हीच विचारलंत, काकू! पहिल्याच दिवशी. आडनाव, गाव, अन् गावात घर कुठे तेसुद्धा."

माझा आवाज चढला होता. चढू दे की, तीन वर्षं दाबून ठेवला होता. काकूंचा चेहरा खर्रकन उतरला. मी म्हटलं, "ओळ गाळायची असेल तर पोरीचं नावच गाळा." त्या म्हणाल्या, "बघू."

घरी नवरा वैतागला. "यार, कशाला नसती भानगड? शनिवार-रविवार हीच चार माणसं आहेत आपल्याला." त्याचं खोटं नव्हतं. अन् लेक आरशासमोर उभी राहून विचारत होती, "शूड आय स्किप इट, आई?" एवढीशी पोर, अन् माझ्यासारखी गप्प बसायला शिकत होती.

"तुला वाटलं तर स्किप कर," मी म्हटलं. "पण माझ्यासाठी नको. मी आता लपणार नाही."

कार्यक्रमाच्या दिवशी यादी पाहिली तर लेकीचं नाव गाळलं नव्हतं, शेवटी टाकलं होतं. तिची पाळी येईतोवर निम्मे लोक तिळगूळ घेऊन दाराजवळच्या बुटांपाशी पोचले होते. लेक माइकसमोर आली, व्हर्जिनिया सांगितलं, तंबाखू सांगितला, कायदा सांगितला. मग थांबली. काकू पहिल्या रांगेतून टाळ्या वाजवू लागल्या, संपलं असं समजून, की संपवायला, देव जाणे. मी जागेवरून उठून उभी राहिले. तिने मला पाहिलं.

टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली. पणजीची ओळ तिने अख्खी म्हटली. मग माझ्याकडे बोट केलं.

"ती माझी आई आहे. ती जी आहे, तीच मी."