ओठ जड झाला का?

लातुरात दवाखाना थाटून वीस वर्षं झाली आणि तो बंद करायचं मी पक्कं ठरवलं. वरच्या मजल्यावरच्या क्लासवाल्या सरांना अभ्यासिकेसाठी जागा हवी होती. महिनाअखेरीला किल्ली देते, असा शब्द देऊन बसले होते. माहेर नांदेडचं, भाऊ म्हणाला, "ये इकडं, जरा आराम कर." खरं सांगते, मला माणसांच्या तोंडाचा वीट आला होता. क्लासेसची चलती आली तशी पोरं दोन बॅचच्या मधे येऊन, घड्याळाकडं बघत तोंड उघडायची. मीही घड्याळाकडंच बघत दाढा भरायची. पेशंटचा चेहरा बघायचं कधी सुटलं, माझं मलाच कळलं नाही.

अशात अर्धापूरकडची एक बाई आली. पोरगी इथं क्लासला, तिला दोन वेळचं करून घालायला ही भाड्याची खोली घेऊन राहिलेली. खालची दाढ पार किडली होती, काढणं भाग होतं. मी बधिर करायची सुई दिली, थोडं थांबले आणि रोजचा प्रश्न टाकला, "ओठ जड झाला का?"

"हाव."

मी दाढ हलवायला घेतली. बाईच्या तोंडून हूं की चूं नाही. सहज खाली लक्ष गेलं, तर तिनं पदर असा मुठीत आवळलेला की बोटांची पेरं पांढरी पडलेली. माझा हात तिथंच थांबला.

भूकंपाच्या साली मी शिकत होते. आम्हाला पत्र्याच्या शेडमधल्या लोकांकडं पाठवलं होतं. मी वही घेऊन फिरायची. जेवलात का? व्हय. कुठं दुखतंय का? न्हाई. मी आपली खूश. सोबतच्या वयस्कर नर्सबाईंनी बाजूला घेऊन झापलं, "तोंडाला काय इचारतीस? डॉक्टरचं मन मोडायचं न्हाई म्हनून लोक कायबी सांगतेत. मुठी बघ त्यांच्या." पुढं कितीतरी वर्षं मी मुठी बघूनच दात काढले. आणि आता ही बाई माझ्याच खुर्चीत जिवंत दुखणं सोसत पडली होती.

"बधिर झालंच नव्हतं, तर हाव कशाला म्हणालात?" माझा आवाज चढला. राग स्वतःचा होता, निघाला तिच्यावर.

"तुमीच लई थकल्यावानी दिसून राहिल्या," ती म्हणाली. "म्हनलं, कशाला पुन्हा ताप द्यावा बाईला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरी सुई दिली आणि स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. बाहेर पोरं खोळंबली होती, खोळंबू दिली. बसल्या बसल्या तिला नर्सबाईंची ती गोष्ट सांगितली. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "माझी पोरगीबी डॉक्टर व्हायचं म्हनून राहिली. चांगलं असतंय ना, बाई?"

कशाला त्या फंदात पडते, हे अगदी जिभेवर आलं होतं. "चांगलंच की," मी म्हणाले.

तिनं माझ्या मांडीकडं पाहिलं. हातमोज्यातली माझी मूठ गच्च मिटलेली होती. तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली. "थकल्या ना तुमी?"

"हाव," म्हणाले आणि मला रडूच फुटलं. ती कडेला बघत बसली, मला आवरू दिलं. मग मी तोंड धुतलं, नवे हातमोजे चढवले आणि दाढ काढली. ह्या खेपेला पदर तिच्या हातात सैल पडलेला होता.

क्लासवाल्या सरांना मी बाहेरची मोठी खोली तेवढी दिली. शब्द फिरवला म्हणून ते चार दिवस बोलले नाहीत. खुर्ची मात्र आत राहिली, आणि दाराशी एक बाकडं. त्यावर मावतील तेवढेच पेशंट घ्यायचे, असं ठरवून टाकलं.

आठवड्यानं बाई जखम दाखवायला आली. मी विचारलं, "दुखतंय का?"

"न्हाई," ती म्हणाली, आणि मी बघायच्या आधीच दोन्ही तळवे उघडून दाखवले. मग माझ्या हातांकडं बघत थांबली. मी हातमोजे काढले आणि माझेही दाखवले.